रानहळदीचे दोन काटे

पेंटर,

परवा तुमच्या घरी जाऊन आले. चौदा वर्षांनी. दाराशी तुमची सायकल होती, खिडकीत ब्रशांचा डबा होता, वहिनींनी नको नको म्हणताना चहाही टाकला. तुम्ही तेवढे नव्हता. तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले होते. मला कळलं नवव्या दिवशी, तेही आमच्या कॉलेजच्या शिपायाकडून, जिना उतरता उतरता. "बाई, ते आपल्याकडं फुलांची चित्रं काढाय यायचे न्हवं का, ते गुंडू पेंटर वारले की." मी तशीच पायरीवर बसले. माझा लेख आलेला, तुम्हाला द्यायचा अंक तेव्हा माझ्या पर्समध्येच होता.

तो अंक आला तेव्हा तुम्ही होता, पेंटर. त्यानंतर बारा दिवस होता. बारा दिवस मी तो पर्समधून कॉलेजला नेला, मंडईत नेला, एकदा तर तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत नेला आणि पुढच्या दुकानातून उगाच पावशेर शेंगदाणे घेऊन परत आले. म्हटलं, रविवारी सावकाश जाऊ. पेढे घेऊन जाऊ. मग त्या रविवारी भाची आली, पुढच्या रविवारी माझं डोकं दुखत होतं. खरं म्हणजे डोकं दुखत नव्हतं. भीती वाटत होती.

आमच्या घरात माफी मागायची पद्धतच नाही. एखाद्याच्या बाबतीत चुकलं की त्याला जेवायला बोलवायचं, एक वाटी बासुंदी जास्तीची वाढायची, आग्रह करकरून खायला घालायचं, की विषय मिटला. आमच्या आईनं असं निम्मं गाव जेवायला घातलंय. मी तुम्हाला ती वाटीभर बासुंदीसुद्धा दिली नाही. म्हणून आता हे लिहितेय. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

तुम्ही भेटलात ते कमळामुळं. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आमच्या कॉलेजात विज्ञान प्रदर्शन होतं आणि प्रवेशद्वारावरचा फलक रंगवायला गंगावेशीतला कुणीतरी सिनेमाची बॅनरं करणारा पेंटर बोलावला होता. मी नाक मुरडतच बघायला गेले. फलकाच्या कोपऱ्यात तुम्ही एक कमळ काढलं होतं आणि त्याच्या पानाचा देठ पानाला मधोमध जोडला होता. कमळाचा तसाच असतो. पण शंभरातले नव्व्याण्णव पेंटर तो कडेला जोडतात, आणि खरं सांगायचं तर माझे निम्मे विद्यार्थीही. मी विचारलं, "हे कुणी सांगितलं तुम्हाला?" तुम्ही शिडीवरून न उतरताच म्हणालात, "कोण सांगणार? कोटीतीर्थाला जाऊन बसलोतो दोन सकाळ. मी उगंच काढत न्हाय बाई, बघून काढतोय."

त्याच आठवड्यात मी तुम्हाला प्रयोगशाळेत आणून बसवलं. जिल्ह्यातल्या रानफुलांचं पुस्तक करायचं माझ्या डोक्यात होतं आणि चित्रं काढायला माणूस नव्हता. तुमचं पहिलं फूल मला अजून आठवतंय. साधी गोकर्ण होती, पण तुम्ही ती अशी मान वेळावून काढलीत की मी कपाळावर हात मारला. "पेंटर, हे काय?" तर म्हणे, "फूल हाय बाई, जरा मुरडाय नको?" मी म्हटलं, "मुरडायला ते काय लावणीला उभं आहे?" तुम्ही असे हसलात की तुमच्या हातातला कप डचमळला. नंतर मी तुम्हाला भिंग दिलं, सुई दिली, सावली रंगानं नाही तर ठिपक्यांनी दाखवायची हे शिकवलं. पंधरा फुटी हिरो रंगवणारा हात तीन मिलिमीटरच्या बोंडापाशी येऊन थांबला आणि थरथरला नाही. पानाला किडीनं पाडलेली भोकं काढावीत की नाहीत यावर आपण भांडलो ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायची, आदर्श पान काढा. तुम्ही म्हणायचा, "भोक न्हाय असलं पान रानात दावा मला, मग काढतो." तीन वर्षांत चाळीसेक चित्रं झाली आणि प्रत्येक पानाला कुठं ना कुठं एक भोक राहिलंच. मी दिसलं की ओरडायची, तुम्ही ऐकू न आल्यासारखं करायचा.

दुपारी चहाला तुम्ही तुमच्या धंद्यातल्या गोष्टी सांगायचा. त्यातली थेटरच्या मालकाची गोष्ट तर मी तुमच्याकडून तीनदा ऐकून घेतली होती. एका पिक्चरमध्ये मालकाच्या मेव्हण्यानं हवालदाराचं एवढंसं काम केलेलं, आणि मालकाचा हट्ट, की बॅनरवर मेव्हण्याचं तोंड हिरोएवढं पाहिजे. तुम्ही म्हणालात, काढतो की. काढलंत. शुक्रवारी मालक खूश. सोमवारपर्यंत अख्ख्या पेठेनं चेष्टा केली आणि मालक पळत आला, "पेंटर, काढा हो ते थोबाड!" तुम्ही बादलीत फडकं बुडवलंत आणि मेव्हणा पुसून टाकलात. खाली हिरोचा घोडा जसाच्या तसा उभा. मी विचारलं, असं कसं? तर तुम्ही म्हणालात, "आमच्यात रीतच हाय बाई. आपल्या डोळ्याला पटलेलं पक्क्या रंगात. मालकाच्या हट्टाचं कच्च्या रंगात. त्याचं डोस्कं थंड झालं की वल्ल्या फडक्यानं निघतंय. मालकाला न्हाय कशाला म्हणायचं?" मी म्हटलं, "आणि मधेच पाऊस आला तर?" तुम्ही म्हणालात, "मग मालक यायच्या आधीच काम हुतंय."

हसून हसून माझ्या नाकात चहा गेला होता. लक्षात मात्र काहीच राहिलं नाही.

आणि मग ती गगनबावड्याकडची देवराई. जूनचा पहिला-दुसरा आठवडा असेल. पहाटेच्या एसटीनं गेलो आणि आठच्या सुमाराला देवळापाशी पोचलो. देवाच्या रानातली काडीसुद्धा न विचारता उचलायची नाही अशी तिथली पद्धत. गुरवानं देवाला कौल लावला, पाकळी खाली पडेपर्यंत आपण दोघं हात जोडून उभे राहिलो, आणि मग गुरव म्हणाला, "एकच गड्डा घ्या. दुसऱ्याला हात लावायचा न्हाय." ओढ्याच्या कडेला, दाट सावलीत, पानं फुटायच्या आधीच जमिनीतून वर आलेलं हळदीचं कणीस मला दिसलं होतं. रानहळद आपल्याकडं काही कमी नाही. हिच्या कणसाचा शेंडा नेहमीसारखा गुलाबी नव्हता, पांढरा होता, कडेला हिरवी रेघ. मी म्हटलं, सावलीतली आहे, रंग फिका पडला असेल. तिथंच पहिल्यांदा चुकले.

हळदीच्या कुळातलं फूल म्हणजे सकाळचा पाहुणा. दुपारपर्यंत ते अक्षरशः पाणी होतं, आणि दाबून वाळवलं तर कागदावर नुसता तपकिरी डाग राहतो. म्हणून ते ताजं असतानाच उघडून, बघून, काढावं लागतं. त्या गड्ड्याला त्या दिवशी दोनच फुलं उमललेली. एक मी ब्लेडनं उभं चिरून तुमच्या भिंगाखाली ठेवलं. दुसरं तुम्ही भिंगातून बघून घेतलंत आणि मी स्पिरिटच्या बाटलीत टाकलं. मी स्वतः भिंगाला डोळा लावला का? नाही. माझं लक्ष बाकीच्या झाडांकडं, ओल्या वर्तमानपत्रांकडं. आणि हळदीच्या फुलात बघायचंय काय, पंधरा वर्षं शिकवत होते की मी. तुम्ही देवळाच्या ओट्यावर दुपारपर्यंत पाठ वाकवून बसला होता. मी दिलेली भाकरीसुद्धा तुमच्या शेजारी तशीच वाळून गेली.

दोन दिवसांनी तुम्ही शाईत पक्कं केलेलं चित्र घेऊन प्रयोगशाळेत आलात. प्रॅक्टिकलची बॅच चालू होती, वीस-बावीस पोरं-पोरी आजूबाजूला. मी चित्र बघितलं. कणीस सुरेख, गड्डा सुरेख. उघडलेलं फूल बघितलं आणि माझं टाळकं सटकलं.

हळदीच्या फुलात पुंकेसर एकच असतो. त्याच्या परागकोशाच्या बुडाला खाली वळलेली दोन बारीक टोकं असतात, त्यांना आम्ही काटे म्हणतो. मधमाशी आत शिरताना त्यांना धक्का देते, की परागकोश तिच्या पाठीवर झुकतो आणि पराग लागतात. तुमच्या चित्रात ते काटे नव्हते.

"पेंटर, काटे कुठायत?"

"न्हाईत."

"नाहीत म्हणजे? असतात."

"ह्याला न्हाईत बाई. दोन्ही फुलं बघितली मी. बुडाला गुळगुळीत हाय."

"तुम्हाला दिसले नसतील. भिंग नीट धरलं नसेल."

"चार तास धरलतं की."

पोरं ऐकत होती. मागं कुणीतरी हसलं. आणि मी म्हटलं, "पेंटर, हे सिनेमाचं पोस्टर नाही, मनाला येईल तसं काढायला. मला हळद तुम्ही शिकवायची नाही."

उचलली जीभ लावली टाळ्याला. तुमचं तोंड कसं झालं ते मला चौदा वर्षं दिसतंय. तुम्ही चिडला नाहीत. चिडला असता तर बरं झालं असतं. बाटली मागच्याच फळीवर होती, पेंटर. भिंग माझ्या ॲप्रनच्या खिशात होतं. पाच मिनिटांचं काम होतं. "दाखवा बघू" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि विचारलंत, "किती लांब काढू?"

मी पुस्तक उघडून माप सांगितलं. तुम्ही पिशवीतून रंगाची एक दुसरीच बाटली काढलीत, बारीक ब्रश घेतलात आणि दोन काटे काढलेत, एक डावा, एक उजवा. त्यांचा काळा जरा मंद वाटला. मी मनात म्हटलं, वाळलं की एक होईल. "घ्या," तुम्ही म्हणालात, आणि पोरांच्या मधून वाट काढत गेलात. त्यानंतर तुम्ही आला नाहीत. एकदा निरोप पाठवला तर उत्तर आलं, बॅनरची कामं लई हायत. मी म्हटलं, नाकापेक्षा मोती जड झालाय, जाऊ देत. असं म्हटलं मी. तुमच्याबद्दल.

पुस्तक निघालं. कॉलेजनंच छापलं. त्यात ती रानहळद आहे, नेहमीच्या जातीच्या नावानं, काट्यांसकट. खाली बारीक अक्षरात छापलंय, चित्र: गुंडू पेंटर. तुमच्या बाकीच्या चित्रांबद्दल मी एकत्र आभार मानून मोकळी झाले होते. छापणाऱ्यानं नाव नेमकं त्या एका पानावर टाकलं, कारण ते पान मुखपृष्ठासाठी वेगळं केलं होतं. उभ्या आयुष्यात तुमचं नाव छापून आलं ते तुम्ही न बघितलेल्या गोष्टीखाली. दोन प्रती मी शिपायाच्या हातून पाठवल्या. स्वतः आले नाही.

मग दिवस गेले. फ्लेक्स आला आणि हातानं रंगवलेली बॅनरं गेली. तुमचं दुकान बंद झाल्याचं मी येता-जाता बघितलं. नंतर तुम्ही नंबरप्लेटा करायचात असं ऐकलं. एका लग्नात समोरासमोर आलो तर तुम्हीच आधी म्हणालात, "काय बाई, बरं हाय न्हवं?" मी म्हटलं, "बरं आहे." तुमच्या शर्टाच्या बाहीला रंग लागलेला होता. मला विचारायचं होतं, घरी काही काढता का अजून. विचारलं नाही. पंगत बसत होती.

मला खरं कळलं ते एका उन्हाळ्यात, प्रयोगशाळेला रंग द्यायचा होता तेव्हा. फळीवरच्या बाटल्या उतरवल्या. स्पिरिट उडून जातं, ते मधूनमधून घालावं लागतं. तुमची बाटली जवळजवळ कोरडी झालेली. ते फूल मी चिमट्यानं बाहेर काढलं आणि हाताला सवय म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. परागकोशाचं बूड गुळगुळीत होतं. मी दिवा बदलला. सुईनं उलटं केलं. परत बघितलं. काटे नव्हते. तुटलेले नव्हते, झडलेले नव्हते, कधी नव्हतेच. रंगाऱ्याचा माणूस दारात उभा राहून विचारत होता, बाई, ह्या भिंतीला काय करू, आणि मी अजून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावूनच उभी होते.

काटे नाहीत, शेंडा पांढरा, रेघ हिरवी. पेंटर, ती नेहमीची रानहळद नव्हतीच. कुणी वर्णन न केलेली जात होती. ती पहिल्यांदा नीट बघितली ती तुम्ही, मी नाही. त्याच संध्याकाळी मी तुमच्याकडं यायला पाहिजे होतं. मी नाही आले. म्हटलं, एका फुलावर काय सिद्ध होतंय, एखादं फूल विकृतही असू शकतं. झाड परत मिळू दे, खात्री होऊ दे, मग जाऊ. शास्त्राच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. माणसाच्या दृष्टीनं पळवाट होती. सुंभ जळला तरी पीळ काही जाईना माझा.

पहिल्या वर्षी मी उशिरा पोचले, नुसती पानं. पानांवरून हळद ओळखू येत नाही. दुसऱ्या वर्षी पेपर तपासायच्या ड्युटीत अडकले आणि फुलायचे दहा-बारा दिवस निघून गेले. तिसऱ्या वर्षी पहाटे रंकाळा स्टँडवर एसटीची वाट बघत उभी होते, झाडं दाबायची प्रेस दोरीनं बांधून पाठीला, आणि तुम्ही समोरून आलात. हातात दुधाचं भांडं होतं.

"कुठं निघालासा बाई?"

"असंच. गगनबावड्याला."

तुम्ही प्रेसकडं बघितलंत. "हळदीला?"

मी तुमच्या तोंडावर खोटं बोलले. म्हटलं, "नाही हो, दुसरं काम आहे."

तुम्ही मान हलवलीत. मग म्हणालात, "सकाळच्यालाच बघा. दुपारी फूल पाणी हुतंय." आणि चार पावलं जाऊन परत वळलात, "घरला या की एकदा, चहाला."

येते म्हटलं मी. एसटी लागली.

त्या दिवशी ती मला मिळाली. गुरव वारला होता, त्याच्या मुलानं कौल लावला. देवळाला नवा सभामंडप झाला होता, राईची पुढची बाजू तुटली होती, पण ओढ्याकाठचे गड्डे होते. सात फुलं उघडून बघितली. सातही गुळगुळीत. मी त्याच ओट्यावर बसले होते, पेंटर, आणि मला आनंद झालाच नाही. आयुष्यात एकदा मिळते अशी गोष्ट हातात होती आणि डोळ्यांसमोर तुमची ती वाळलेली भाकरी.

लेख लिहिला. नवी जात जाहीर करायची तर तिची ओळख लॅटिनमध्ये लिहावी लागते, नाहीतर नाव ग्राह्य धरत नाहीत. मी शब्दकोश घेऊन बसले आणि लॅटिनमध्ये लिहिलं, हिच्या परागकोशाला काटे नसतात. म्हणजे बघा, साऱ्या जगातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांना मी ते लॅटिनमधून कळवलं. कोल्हापुरातल्या कोल्हापुरात एका माणसाला मराठीतून सांगायचं तेवढं राहिलं.

नावाचंही तसंच. तुमचं नाव द्यावं असं मनात आलं होतं. कागदावर लिहूनही बघितलं, लॅटिनचं शेपूट लावून, छान दिसत होतं. पण तुमचं नाव दिलं की का दिलं ते लिहावं लागलं असतं, आणि त्यात मी आले असते. म्हणून त्या गावाचं नाव दिलं. आता छापून आलंय. या शास्त्रात नाव एकदा छापलं की ते ज्यानं दिलं त्यालाही बदलता येत नाही. चित्र पुण्याच्या एका मुलाकडून कॉम्प्युटरवर करून घेतलं. मी सांगितलं तसं त्यानं काढलं, एका शब्दानं वाद घातला नाही. पानाला एक भोक नाही. मला त्या बिचाऱ्याचा उगाच राग आला.

तर परवा. वहिनींनी चहा दिला आणि आतून ते जुनं पुस्तक आणलं, प्लास्टिकचं कव्हर घातलेलं. "पाव्हणं आलं की मी दावायची," त्या म्हणाल्या. "ह्यांचं नाव हाय न्हवं त्यात. पण ह्यांनी कवा उघडलं न्हाय बघा. म्हणायचे, ठेव ते आत."

मग माझ्यानं राहवेना. मी म्हटलं, "वहिनी, त्या चित्रात चूक आहे. त्यांची नाही, माझी. मी त्यांना चारचौघांत बोलले आणि—"

"काट्याचं व्हय?" वहिनी म्हणाल्या.

मी कप खाली ठेवला.

"त्या दिवशी घरला आले ते जेवलेच न्हाईत. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, बाईंनी न्हाय ते काढाय लावलं. मी म्हटलं, मग काढलासा? म्हणाले, काढलं की. हट्टाचं काम हाय, कच्च्यात काढलंय. बाई हुशार हायत. आज न् उद्या बघतील आन् पुसतील." वहिनींनी पदरानं पुस्तकावरची नसलेली धूळ पुसली. "दर साली पावसाच्या तोंडाला म्हणायचे, आता हळद फुलली आसंल गं. बाईंनी बघितली का न्हाय कुणाला ठावं."

पर्समधला अंक मी त्यांच्या हातात दिला. त्यात तुमचं नाव कुठंच नाही हेही सांगितलं. त्यांनी इंग्रजी पानं उलटली, हळदीचा फोटो बघितला, म्हणाल्या, "हीच व्हय ती?" आणि तुमच्या फोटोपुढं नेऊन ठेवला. मला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. येताना कुंकू लावायला गेले तर त्या मागं सरल्या, आणि मग मला आठवलं, की आता आपण त्यांना कुंकू लावायचं नसतं असं लोक म्हणतात. मी लावलं. तेवढं एक नीट केलं म्हणायचं.

घरी आले आणि कपाटातलं ते फोल्डर काढलं. चौदा वर्षं त्याला हात लावला नव्हता, कारण ते चित्र बघायची हिंमत नव्हती. आयव्हरी कार्डावरचं तुमचं मूळ चित्र, कडेनं पिवळं पडलेलं. कणीस, गड्डा, उघडलेलं फूल, आणि ते दोन काटे, अजून मंदच काळे. स्वयंपाकघरात गेले, नळाखाली बोट ओलं केलं, आणि आधी डाव्या काट्यावर ठेवलं. मग उजव्या.

निघाले, पेंटर. दोन्ही निघाले. माझ्या बोटाला काळं लागलं आणि खाली परागकोशाचं बूड होतं, तुमच्या पक्क्या शाईतलं, गुळगुळीत, एका रेषेत काढलेलं, कुठं म्हणून तुटलेलं नाही. काट्यांच्या जागी नुसता करडा ओघळ राहिला. पुस्तकातले छापलेले काटे मात्र कशानंच निघायचे नाहीत, ते तुमच्या नावासकट तसेच राहणार.

काटे नव्हते. तुमचं बरोबर होतं. चार तास भिंग धरलं होतं तुम्ही, आणि मी पाच मिनिटं धरलं नाही.

तुम्ही जाताना बोलला नाहीत, भांडला नाहीत, फक्त माझ्यासाठी वाट ठेवून गेलात, आणि ती उघडायला ओल्या बोटाखेरीज काहीच लागत नव्हतं. चौदा वर्षं माझ्या घरात काय पाणी नव्हतं, पेंटर?